बाळसे की व्याधी? : मुलांच्या लठ्ठपणाविषयी एका धान्य-व्यापाऱ्याचा अनुभव

स्मरणिकेच्या संपादक-मंडळाने यंदा मजकडे लेखाची मागणी केली, तेव्हा तूरडाळीची आवक, बारदानाचे भाव किंवा वजनकाट्यांची फेरतपासणी अशा एखाद्या विषयावर मी चार ओळी लिहून देईन, अशीच त्यांची अपेक्षा असावी. ती अपेक्षा मी पुरी करू शकलो नाही, याबद्दल प्रारंभीच क्षमा मागतो. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. बेळगावच्या रविवार पेठेत चाळीसहून अधिक वर्षे घाऊक धान्याचा व्यापार केला. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध रोगी या नात्यापलीकडे कधी आला नाही. परंतु गेल्या दीड वर्षात माझ्या नातवाच्या निमित्ताने जे पाहिले, जे डॉक्टरांना विचारून वहीत टिपून ठेवले, ते आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हे धाडस करीत आहे.

२०२४ च्या जुलै महिन्यातील गोष्ट. आमच्या गोदामात रिकाम्या बारदानाची थप्पी मोजण्याचे काम चालले होते. आमचा जुना हमाल थप्पीमागे वाकला आणि दोन्ही मुठी भरून काही तरी घेऊन माझ्या गादीपाशी आला. "सावकार, हे बघा काय घावलं," असे म्हणून त्याने जे समोर ठेवले ते बिस्किटांचे, वेफर्सचे आणि चॉकलेटचे रिकामे कागद होते. सवयीने मी ते मोजले. सत्तेचाळीस भरले. गोदामात शाळा सुटल्यावर रोज येऊन बसणारा मुलगा एकच, माझा नातू, वय वर्षे बारा. घरी तो त्या दिवसांत ताटावर बसला की एका भाकरीवर उठत असे आणि "पोरगा आता शहाणा झाला, कमी खातो," म्हणून आम्ही सारे समाधान मानीत होतो.

तो चोरून का खाऊ लागला, याचा शोध घेण्यास मला फार लांब जावे लागले नाही. त्याच्या आठपंधरा दिवस आधी दुकानात गिऱ्हाईक बसले असता तो दारातून आत आला आणि मी मोठ्याने म्हणालो होतो, "या, आमचं क्विंटल आलं!" सर्व मंडळी हसली. तोही हसला. तेव्हापासून त्याने चारचौघांत खाणे सोडले. हे मी लिहितो आहे ते कोणी माझी कीव करावी म्हणून नव्हे. आपल्या पेढ्यांवर आणि घरांत अशा थट्टा रोज होतात आणि त्यांचा हिशेब कोणत्याही खातेवहीत निघत नाही, हे मला ठाऊक आहे म्हणून लिहितो. डॉक्टरांनी पुढे स्पष्टच सांगितले, की चिडवल्याने मूल बारीक होत नाही. ते एकटे पडते, खेळ टाळते, लपून खाते आणि अधिक जाड होते.

आता आमच्या पिढीची बाजूही मांडली पाहिजे. आपल्या भाषेत तान्ह्या मुलाच्या गुटगुटीतपणाला 'बाळसे' असा गोड शब्द आहे आणि बाळसे धरलेल्या मुलाची दृष्ट काढण्याची आपली रीत आहे. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी शाळकरी होतो. शिधावाटप दुकानापुढील रांगा, परदेशातून आलेला तांबडा मिलो, त्याच्या उतरत नसलेल्या भाकऱ्या, हे सारे मी पाहिले आहे. हडकुळे मूल म्हणजे दैन्य आणि भरलेल्या अंगाचे मूल म्हणजे खात्यापित्या घरचे, हे समीकरण आमच्या मनात त्या काळी जे पक्के बसले, ते पोटभर धान्य घरात आल्यावरही हलले नाही. परिस्थिती मात्र आमच्या नकळत बदलली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीप्रमाणे भारतात पाच ते एकोणीस वयाची लठ्ठ मुले १९९० साली सुमारे चार लाख होती. २०२२ साली ती सुमारे सव्वा कोटी झाली.

सत्तेचाळीस कागदांनंतर आम्ही पहिली चूक केली. एका परिचित गृहस्थांच्या आग्रहावरून डब्यात मिळणारी एक पूड आणली. सकाळी व रात्री जेवणाऐवजी ती पाण्यात ढवळून द्यावयाची होती. महिन्याभरात मुलगा तीन किलोंनी उतरला; घरात आनंद झाला; डबा संपला आणि पुढील महिन्यात चार किलो परत आले. तोट्याचा सौदा म्हणावा असाच हा व्यवहार. त्यानंतर आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे गेलो.

डॉक्टरांनी प्रथम त्याची उंची घेतली, मग वजन घेतले. सारा जन्म मी काट्यापाशी काढला, परंतु वजनाला उंचीने भागावयाचे असते हे मला तेथे कळले. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो आकडा येतो, त्यास देहभारांक म्हणतात. नातवाचे वजन ६२ किलो व उंची १५० सेंटिमीटर होती. भागाकार साडेसत्तावीस आला. प्रौढ माणसाला एकच आकडा सर्व वयांस लागू पडतो, पण मुलांचे तसे नाही. मूल वाढत असते, म्हणून त्याचा आकडा त्याच्या वयाच्या व लिंगाच्या आलेखावर मांडून पाहावा लागतो. आपल्या देशातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली असे आलेख प्रसिद्ध केले. त्यांत पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकरांचा मोठा वाटा आहे. पाश्चात्त्य देशांत प्रौढपणीच्या २५ व ३० या अंकांना धरून अतिवजन व लठ्ठपणा यांच्या रेषा ठरवितात. आपल्या आलेखांत त्या २३ व २७ या अंकांना धरून आखल्या आहेत. आमच्या मुलाचा ठिपका वरच्या रेषेच्याही बराच वर पडला.

आपल्याकरिता रेषा खाली का, हे मी विचारले. कारण मापात फरक असला की व्यापाऱ्याला शंका येतेच. त्याचे उत्तर पुण्याच्याच के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनात आहे. त्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील खेड्यांतील गर्भवती मातांची व पुढे त्यांच्या मुलांची पाहणी केली. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउथहॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो. आपली बालके सर्व बाजूंनी लहान होती, स्नायू कमी होते. परंतु त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने कमी झालेली नव्हती. बाहेरून कृश व आतून स्निग्ध अशी ही प्रकृती आहे. डॉ. याज्ञिक व त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन या दोघांचे छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आले होते. दोघांचाही देहभारांक २२.३ होता, पण शरीरातील चरबी इंग्रज गृहस्थांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के होती. पोत्यावर वजन एकच लिहिलेले, आतील माल निराळा! म्हणून आपल्या मुलांत मधुमेहाची भीती थोड्या वजनावरच सुरू होते.

मग डॉक्टरांनी त्याची मान पाहिली. मानेच्या मागील बाजूस काळसर, मखमलीसारखा जाड पट्टा होता. तो मळ आहे असे समजून आमच्या सूनबाई रोज डाळीचे पीठ लावून घासत असत आणि मुलगा ओरडत असे. तो मळ नव्हता. शरीर इन्शुलीनला दाद देईनासे झाले, की त्वचेवर अशी खूण उमटते. घासून ती जात नाही. ज्या मातांच्या हातून अशी मान घासली जात असेल त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. याशिवाय तो रात्री घोरतो का, झोपेत श्वास अडतो का, गुडघा किंवा कंबर दुखते का, हे विचारले, रक्तदाब घेतला, रक्तातील साखर, चरबी व यकृताची तपासणी करविली. साखर मर्यादेच्या काठावर होती आणि बारा वर्षांच्या मुलाच्या यकृतात चरबी साठू लागली होती. माझ्या पत्नीने "थायरॉईड असेल," असे चारदा म्हटले. डॉक्टरांनी समजुतीने सांगितले, की ग्रंथींच्या रोगामुळे जाड झालेली मुले बहुधा उंचीने खुंटतात; जे मूल जाड असून वयाच्या मानाने उंचही आहे, त्याचा लठ्ठपणा सहसा अन्न, हालचाल, झोप आणि आनुवंशिक कल यांतून आलेला असतो.

यानंतर उपचार. मला वाटले होते की औषधाची चिठ्ठी मिळेल. चिठ्ठीऐवजी त्यांनी आम्हांला, म्हणजे मुलगा, आईवडील, आजी आणि मी अशा पाच जणांना, दर पंधरवड्यास येऊन बसावयास सांगितले. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२३ च्या जानेवारीत जी मार्गदर्शिका काढली, तीत तीन ते बारा महिन्यांत निदान २६ तास मूल व कुटुंब यांना समोरासमोर बसवून शिकवावे असे सांगितले आहे. आम्हांला हे चैनीचे वाटले. पण त्याला जुना आधार आहे. अमेरिकेतील लिओनार्ड एपस्टाइन या मानसशास्त्रज्ञाने अन्नाचे हिरवे, पिवळे व तांबडे असे रस्त्यावरील दिव्यांप्रमाणे वर्ग पाडून कुटुंबांवर उपचार केले आणि त्यांचा दहा वर्षे पाठपुरावा करून १९९० साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्या घरांत आईबाप व मूल या दोघांनाही बदलावयास लावले, तेथील मुले दहा वर्षांनंतरही सुधारलेली आढळली. केवळ मुलालाच धरले, तेथे तसे घडले नाही.

आमच्या एकत्र कुटुंबात ही गोष्ट सर्वांत अवघड ठरली. आईने नाही म्हटले तर आजी देते. आजीने हात आखडला तर काका कुंद्याचा पुडा घेऊन येतो. आणि दुकानात मी गादीशेजारी बिस्किटांचा डबा ठेवलेला. एका तोंडाला चार हात भरवीत होते. पहिल्या महिन्यात आम्ही मुलाच्या ताटाला हातच लावला नाही. आधी घर बदलले. डबा दुकानातून गेला. फरसाण घरात साठवून न ठेवता सणावाराला तेवढेच आणावयाचे ठरले. सरबते व बाटलीतील पेये बंद केली. तीनशे मिलिलिटरच्या एका बाटलीत सात-आठ चहाचे चमचे साखर असते, हे मी स्वतः लेबल वाचून व साखर वजन करून सर्वांसमोर वाटीत ओतून दाखविले. जेवताना दूरदर्शन व मोबाइल बंद. हे सारे नियम घरातील सर्वांना सारखे. माझ्या चहातील साखरही गेली, याचे दुःख मला अजून आहे.

आपल्या समाजात सूर्यास्तापूर्वी जेवण्याची चाल आहे आणि ती या बाबतीत अनुकूलच आहे. पण आमच्या घरी मुलाची शिकवणी सायंकाळी साडेसहा ते आठ असल्यामुळे त्यास सूट दिलेली होती. तो आठला भुकेने व्याकुळ होऊन येई आणि जे हाताला लागेल ते खाई. शिकवणी सकाळी नेली. निम्मा प्रश्न तेथे सुटला. त्याच वर्षी भाद्रपदात दशलक्षण पर्वात त्याने दहा दिवस एकाशन करण्याचा हट्ट धरला. हेतू धर्माचा नसून बारीक होण्याचा होता, हे त्यानेच डॉक्टरांजवळ कबूल केले. डॉक्टर म्हणाले, वाढत्या वयात उपासाने वजन उतरविणे हा उपचार नव्हे. उपासानंतरची भूक सारे वसूल करते. आमच्या मंदिरातील एका वयोवृद्ध श्रावकांनीही त्याला हेच सांगितले, की शरीर सडपातळ व्हावे म्हणून केलेल्या उपासाला तप म्हणत नाहीत.

आता माझ्या धंद्याविषयी. जोंधळ्यात कॅलरी कमी व मैद्यात जास्त, अशी माझी समजूत होती आणि तशी ती पुष्कळांची असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नाचे जे तक्ते छापले आहेत, ते मी नातवाकरवी काढून पाहिले. शंभर ग्रॅम जोंधळ्यात सुमारे ३३४ कॅलरी आणि तेवढ्याच मैद्यात ३५२. म्हणजे जवळजवळ सारखेच! फरक आहे तो तंतूंचा. जोंधळ्यात ते दहा ग्रॅम, मैद्यात तिनाहूनही कमी. जोंधळ्याची भाकरी चावावी लागते, वेळ लागतो, पोट भरल्याची जाणीव होते आणि हात आपोआप थांबतो. मैद्याचे बिस्कीट तोंडात विरघळते. त्यात साखर व तूपतेल मिसळलेले असल्यामुळे शंभर ग्रॅमला साडेचारशे कॅलरी भरतात आणि शंभर ग्रॅम बिस्किटे एक मूल पुस्तक वाचता वाचता संपविते. माझ्याच दुकानात एके काळी जोंधळ्याच्या पोत्यांची थप्पी छतापर्यंत असे आणि मैदा कोपऱ्यात असे. आज जागा अदलाबदल झाली आहे. आम्ही विकतो ते लोक मागतात म्हणून, हे उत्तर व्यापारी म्हणून मला पटते. आजोबा म्हणून पटत नाही, आणि दोन्ही माणसे एकाच गादीवर बसतात ही अडचण आहे.

व्यायामाविषयी थोडक्यात सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पाच ते सतरा वयाच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटे दम लागेल अशी हालचाल सांगितली आहे. आमचा मुलगा धावण्याच्या नावाने रडत असे, म्हणून त्यास धावावयास लावले नाही. तो बॅडमिंटन खेळू लागला. झोप नऊ तास. एवढेच.

औषधांविषयी आपल्यापैकी सधन मंडळी मला हटकून विचारतात, म्हणून लिहितो. सेमाग्लुटाईड नावाचे आठवड्यातून एकदा टोचण्याचे औषध बारा वर्षांवरील लठ्ठ मुलांस देण्यास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ च्या डिसेंबरात मान्यता दिली. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या २०१ किशोरांवरील प्रयोगात ६८ आठवड्यांत देहभारांक सरासरी १६ टक्क्यांनी उतरला. ज्यांना नुसते पाणी टोचले त्यांचा उतरला नाही. ही किमया लहान नव्हे. मात्र मळमळ व उलट्या यांचा त्रास पुष्कळांना होतो आणि औषध थांबविल्यावर वजन बहुधा परत येते. या जातीची औषधे २०२५ साली आपल्या देशातही लठ्ठपणासाठी बाजारात आली ती प्रौढांकरिता. फारच तीव्र लठ्ठपणा असलेल्या तेरा वर्षांवरील मुलांसाठी अमेरिकन मार्गदर्शिका शस्त्रक्रियेचाही विचार करावा म्हणते. आमच्या डॉक्टरांनी आम्हांला या वाटेने जाण्याची गरज नाही असे सांगितले. ज्यांच्या मुलांना असेल त्यांनी लाजू नये, पण ओळखीच्या औषध-विक्रेत्याकडून परस्पर टोचणी आणूही नये. ओळख हा आपल्या पेठेचा मोठा आधार आहे, तसाच मोठा धोकाही.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी केलेला एक हिशेब माझ्या वहीत जसाच्या तसा आहे. मुलगा ६२ किलोंवरच राहिला आणि उंची १५८ झाली, तर देहभारांक २४.८ होईल, एक किलोही न उतरविता! वाढत्या मुलाचे हेच भांडवल आहे, ते पुढे मिळत नाही. आमच्या हातून इतके नेमके साधले नाही. दिवाळीत दोन किलो वाढले, मे महिन्यात आजोळी जाऊन आला तेव्हा आणखी दोन. मधल्या एका भेटीला जाण्यास त्याने साफ नकार दिला आणि मी रागाने काही बोललो, ते येथे लिहीत नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात उंची १५९ व वजन ६५ भरले. अंक २५.७ झाला; रेषेच्या अगदी लगत, पण खाली नव्हे. यकृताची तपासणी सुधारली. मानेवरील पट्टा फिकट झाला आहे, गेलेला नाही.

असोसिएशनच्या मंडळींना एक विनंती आहे, ती करून पुढे जातो. अन्न-सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे शाळेत व शाळेच्या आवारापासून पन्नास मीटरांच्या आत अति मेद, साखर व मीठ असलेले पदार्थ विकण्यास मनाई आहे. केंद्रीय शिक्षण मंडळाने २०२५ च्या मे महिन्यात आपल्या शाळांना साखरेच्या प्रमाणाचे फलक लावण्यास सांगितले. आपल्या सभासदांपैकी काहींची किरकोळ दुकाने शाळांच्या दारातच आहेत आणि काही सभासद शाळांच्या समित्यांवर आहेत. त्या दोघांनी एकदा एकत्र बसावे. तसेच वार्षिक स्नेहसंमेलनात मुलांच्या पंगतीस तीन गोड पदार्थ वाढण्याऐवजी एक वाढावा. गतवर्षी मी हा ठराव तोंडी मांडला तेव्हा हशा पिकला होता. यंदा लेखी देत आहे.

नातू आता शनिवारी गोदामात येतो आणि बारदान मोजतो. हमालांच्या दराने त्याला शेकड्यावर मजुरी मिळते. तशी त्याने स्वतःच अट घातली. पैशांचे तो काय करतो हे मी विचारीत नाही. मागील महिन्यात तो गेल्यावर हमालाने थप्पीमागून दोन कागद काढून मला दाखविले आणि "सावकार, दोनच हाईत," असे म्हणाला. मी त्याला ते जेथे होते तेथे परत ठेवावयास सांगितले.